तापमानावरून पाण्याची घनता: भरवशाचे फंक्शन कसे लिहावे

प्रयोगशाळेतल्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कवर कोरलेली खूण खरोखर किती आकारमान दाखवते, हे तपासण्याची रूढ पद्धत अशी आहे की फ्लास्क आधी रिकामा आणि कोरडा तोलायचा, मग खुणेपर्यंत शुद्ध पाण्याने भरून पुन्हा तोलायचा, आणि दोन वजनांतल्या फरकाला त्या तापमानाच्या पाण्याच्या घनतेने भागायचे. ‘पाण्याची घनता एक’ हे शाळेत पाठ झालेले उत्तर इथे उपयोगाचे नाही. २७ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याची घनता ९९६.५१५१ किलोग्रॅम प्रति घनमीटर असते. ती १००० धरली तर २५ मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये जवळजवळ ०.०९ मिलिलिटरची चूक होते आणि ‘ए’ वर्गाच्या अशा फ्लास्कला दिलेली सूट जेमतेम तीन-चार शतांश मिलिलिटरची असते. म्हणजे चांगला फ्लास्क नापास ठरायला एवढी एक चूक पुरेशी आहे. २७ अंशांचे उदाहरण मुद्दाम घेतले, कारण युरोपात काचसामानाचे प्रमाण तापमान २० अंश धरतात, तर उष्ण कटिबंधातल्या देशांसाठी २७ अंशांची मुभा आहे आणि आपल्याकडच्या पुष्कळ फ्लास्कांवर आणि पिपेटांवर तोच आकडा छापलेला दिसतो.

हे काम तक्त्यावरून करता येते, पण मोजमापे रोजची असतील किंवा तापमापक थेट संगणकाला जोडलेला असेल, तर एक छोटे फंक्शन लिहिणे सोयीचे पडते. तापमान आत जाते, घनता बाहेर येते; गणित चार ओळींचे आहे. त्या चार ओळी कोणीही लिहील. कस लागतो तो हे फंक्शन कोणत्या पाण्याबद्दल, कोणत्या मर्यादेत आणि कोणत्या एककात बोलते आहे हे ठरवण्यात, आणि त्या मर्यादेबाहेरचा प्रश्न आला तर उत्तर नाकारण्याची सोय करण्यात. म्हणून पुढच्या मजकुरात गणितापेक्षा या बाजूला जास्त जागा दिली आहे.

सूत्राची निवड

पाणी तापवले की पसरते, हा नियम शून्य ते चार अंशांच्या पट्ट्यात उलटा चालतो. घनता ३.९८ अंशांना सर्वाधिक असते आणि तिथून दोन्ही बाजूंना कमी होत जाते. त्यामुळे ‘दर अंशामागे अमुक इतकी घट’ असे सरळ रेषेचे सूत्र कुठल्याच टप्प्यावर नीट बसत नाही. २० आणि ३० अंशांच्या घनता घेऊन त्यांची सरासरी काढली तर २५ अंशांसाठी ९९६.९२७८ मिळते, खरी किंमत मात्र ९९७.०४७० आहे. एवढा ०.१२ चा फरक सूत्र टाळल्यामुळे पदरात पडतो. एकेका अंशाचा तक्ता साठवून त्यातल्या दोन नोंदींच्या मधली किंमत सरळ रेषेने काढली तर चूक ०.००१ च्या घरात येते. ती पुष्कळांना चालेल, पण मग चाळीस-एक्केचाळीस आकडे टंकावे लागतात आणि तेवढ्यांत एखादा चुकण्याची शक्यता पाच आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त असते.

० ते ४० अंशांसाठी आज सर्वमान्य सूत्र म्हणजे तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेले, वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय समितीने शिफारस केलेले सूत्र. त्यात पाचच स्थिरांक आहेत. सूत्र असे: तापमानातून ३.९८३०३५ वजा करून त्या फरकाचा वर्ग करायचा, त्याला तापमान अधिक ३०१.७९७ ने गुणायचे. आलेल्या संख्येला ५२२५२८.९ आणि तापमान अधिक ६९.३४८८१ यांच्या गुणाकाराने भागायचे. तो भागाकार १ मधून वजा करायचा आणि उरलेल्याला ९९९.९७४९५० ने गुणायचे. या रचनेची खुबी वर्गात आहे. तापमान ३.९८३०३५ झाले की फरक शून्य होतो, कंसात नुसता १ उरतो आणि घनता आपोआप तिच्या कमाल किमतीला, ९९९.९७४९५० ला, पोचते. सर्वोच्च बिंदू कुठे आहे हे सूत्राच्या घडणीतच असल्यामुळे सहगुणकांच्या बारीकसारीक चुकांनी तो हलत नाही. साध्या बहुपदीत ही हमी नसते.

हे सूत्र हवा विरघळलेली नसलेल्या, समुद्रजलाच्या प्रमाण समस्थानिक घडणीच्या शुद्ध पाण्यासाठी आणि १०१३२५ पास्कल दाबासाठी आहे. त्याची अनिश्चितता दशलक्षात एका भागापेक्षा कमी आहे. नळाचे, विहिरीचे किंवा समुद्राचे पाणी त्याच्या कक्षेत येत नाही. नेहमीच्या खारटपणाच्या समुद्राच्या पाण्याची घनता १०२५ च्या आसपास असते आणि त्यासाठी क्षारता हा दुसरा आदान (म्हणजे आत द्यायची किंमत, इनपुट) घेणारी वेगळी सूत्रे आहेत. फंक्शनच्या डोक्यावर टीप लिहायची ती याचीच.

फंक्शन

खालची मांडणी कोणत्याही एका भाषेची नाही; पायथन, सी, जावास्क्रिप्ट किंवा ऑक्टेव्ह यांपैकी जी हाताशी असेल तिच्यात ती ओळीला ओळ उतरवता येते. आकडे इथे देवनागरीत असले तरी प्रोग्रॅममध्ये ते इंग्रजी अंकांतच टंकावे लागतात. चलांची नावे मात्र पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरीत ठेवली तरी चालतात.

फंक्शन घनता(ता)
    जर (० <= ता आणि ता <= ४०) हे खरे नसेल, तर
        चूक कळव: "तापमान ० ते ४० अंश सेल्सिअसच्या बाहेर आहे"
    फरक = ता − ३.९८३०३५
    वर = फरक × फरक × (ता + ३०१.७९७)
    खाली = ५२२५२८.९ × (ता + ६९.३४८८१)
    परत दे ९९९.९७४९५० × (१ − वर ÷ खाली)

अट उलट्या बाजूने लिहिली आहे, ती सहज म्हणून नव्हे. ‘ता शून्याहून कमी किंवा चाळीसाहून जास्त असेल तर नकार’ अशी अट वाचायला सोपी वाटते, पण तापमापकाकडून वाचन आलेच नाही आणि त्या जागी संगणकाची ‘संख्या नाही’ ही विशेष किंमत आली, तर तिची कोणत्याही संख्येशी केलेली तुलना खोटीच ठरते. मग ती ना शून्याहून कमी ठरते ना चाळीसाहून जास्त, आणि पहारा चुकवून आत शिरते. ‘मर्यादेत आहे हे सिद्ध झाले तरच पुढे जा’ असे लिहिले की ही वाट बंद होते.

वर्गासाठी फरक दोनदा गुणला आहे, घाताचे चिन्ह वापरलेले नाही, यालाही कारण आहे. ^ हे चिन्ह एक्सेलमध्ये घात दाखवते, तर पायथन आणि सी या भाषांत त्याचा अर्थ बिटांवरची एक वेगळीच क्रिया असा होतो. पायथन निदान दशांश संख्यांवर ते चिन्ह दिसताच चूक दाखवून थांबतो, पण पूर्ण संख्या दिल्या तर मुकाट्याने भलतेच उत्तर देतो. एक्सेलचा स्वतःचा एक हट्ट आहे: तिथे −२^२ लिहिले तर उत्तर −४ येत नाही, ४ येते, कारण सुरुवातीचे उणे चिन्ह घाताच्या आधी लागू होते. दोनदा गुणण्यात यातली एकही भानगड नाही.

एककाचा निर्णय एकदाच घ्यावा आणि तो नावात किंवा टिपेत लिहून ठेवावा. वरचे फंक्शन किलोग्रॅम प्रति घनमीटर देते. ग्रॅम प्रति मिलिलिटर हवे असेल तर बाहेर येऊन १००० ने भागावे. फंक्शनला दुसरा आदान देऊन ‘एकक कोणते’ असे विचारण्याची पद्धत मला पसंत नाही, कारण तो आदान विसरला गेला की हजारपटीची चूक होते. तापमानाचेही तसेच. फॅरनहाइटमधले तापमान सेल्सिअसमध्ये आणणे हे वेगळ्या फंक्शनचे काम आहे, आणि सी भाषेत ते लिहिताना ५/९ असे कंसात सुटे लिहिले तर दोन्ही पूर्ण संख्या असल्यामुळे भागाकार शून्य येतो आणि प्रत्येक तापमान शून्य अंश होऊन बसते. त्याहून वाईट म्हणजे शून्य अंश आपल्या मर्यादेत येतो, त्यामुळे फंक्शन तक्रार न करता प्रत्येक वेळी ९९९.८४२८ देत राहते.

तापमान वापरणाऱ्याने हाताने टंकायचे असेल तर आपल्याकडे आणखी एक शक्यता असते: तो २५.३ देवनागरी अंकांत टंकेल. पायथनमध्ये मजकुराचे दशांश संख्येत रूपांतर करणारे अंगभूत फंक्शन देवनागरी अंक निमूट वाचते. जावास्क्रिप्ट मात्र त्याच मजकुराला ‘संख्या नाही’ ठरवते. मराठी पानावर आदानाची चौकट ठेवणार असाल तर अंक आधी बदलून घेण्याची एक ओळ घालावी.

तपासणी

फंक्शन लिहून झाल्यावर लगेच ते ज्ञात किमतींशी ताडून पाहावे. वरचे सूत्र नीट उतरले असेल तर ० अंशांना ९९९.८४२८, ४ अंशांना ९९९.९७४९, १० अंशांना ९९९.७०२७, २० अंशांना ९९८.२०६७, २५ अंशांना ९९७.०४७०, ३० अंशांना ९९५.६४८८ आणि ४० अंशांना ९९२.२१५२ मिळते. या सात किमती चाचणीच्या फाइलमध्ये कायमच्या घालून ठेवाव्यात, म्हणजे उद्या कोणी ‘सुधारणा’ केली तरी गडबड लगेच उघडी पडेल. त्यांच्या जोडीला −०.१, ४०.१ आणि ‘संख्या नाही’ या तिन्हींना फंक्शन नकार देते की नाही, हेही तपासावे. नकाराची चाचणी लिहायचा कंटाळा येतो, पण पुढे अडचण येते ती बहुतेक वेळा तिथेच.

ताडून पाहायला जुना तक्ता घेतला तर एक गोष्ट गोंधळात टाकते. १९०१ ते १९६४ या काळात लिटरची व्याख्या ‘कमाल घनतेच्या एक किलोग्रॅम पाण्याचे आकारमान’ अशी होती आणि तो लिटर १.००००२८ घन डेसिमीटर भरत असे. त्या काळच्या तक्त्यांत ४ अंशांसमोर १.००००० ग्रॅम प्रति मिलिलिटर छापलेले असते आणि ते त्या मिलिलिटरमध्ये बरोबरही असते. आजच्या घनसेंटिमीटरमध्ये तीच किंमत ०.९९९९७ होते. वरच्याच घाटाचे, स्थिरांक थोडे निराळे असलेले आणि पुढे सरळ १००० हा गुणक लिहिलेले एक सूत्र पुष्कळ ठिकाणी फिरत असते. त्याची उत्तरे आपल्या फंक्शनपेक्षा सुमारे ०.०२८ ने जास्त येतात, ती याच जातीच्या फरकामुळे. काचसामान तपासताना ०.०२८ ने काही बिघडत नाही. घनतामापी तपासताना बिघडते.

चाळीस अंशांच्या पुढे

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे वातानुकूलन नसलेल्या खोलीत हवा ४० अंशांच्या वर जाणे नवीन नाही, आणि बॉयलर, सौर बंब किंवा डेअरीतल्या उपकरणांचे पाणी तर त्याहून पुष्कळ गरम असते. तानाकांचे सूत्र त्या बाजूला ताणू नये. वर्गामुळे ते दिसायला गुळगुळीत उत्तर देत राहते, पण त्या उत्तरामागे मोजमाप नसते. त्या पट्ट्यासाठी केल यांनी १९७५ साली दिलेले सूत्र वापरतात. ते १५० अंशांपर्यंतचे आहे. पण साध्या दाबाला पाणी १०० च्या आसपास उकळते, म्हणून मर्यादा १०० लाच ठेवलेली बरी.

फंक्शन घनता_विस्तृत(ता)
    जर (० <= ता आणि ता <= १००) हे खरे नसेल, तर
        चूक कळव: "तापमान ० ते १०० अंश सेल्सिअसच्या बाहेर आहे"
    वर = −२८०.५४२५३ × १०⁻¹²
    वर = वर × ता + १०५.५६३०२ × १०⁻⁹
    वर = वर × ता − ४६.१७०४६१ × १०⁻⁶
    वर = वर × ता − ७.९८७०४०१ × १०⁻³
    वर = वर × ता + १६.९४५१७६
    वर = वर × ता + ९९९.८३९५२
    खाली = १ + १६.८७९८५० × १०⁻³ × ता
    परत दे वर ÷ खाली

बहुपदी उलट्या क्रमाने, सर्वांत मोठ्या घातापासून खाली येत, प्रत्येक पायरीला एक गुणाकार आणि एक बेरीज अशी सोडवली आहे. या पद्धतीला हॉर्नरची पद्धत म्हणतात. तापमानाचा पाचवा घात वेगळा काढावा लागत नाही, गुणाकार कमी होतात, आणि माझ्या मते सर्वांत मोठा फायदा हा की एका ओळीत एकच सहगुणक असल्यामुळे छापील कागदाशी ताडताना नजर घसरत नाही.

नजर घसरण्याची हमखास जागा भाजकात आहे. १६.८७९८५० मधले ७ आणि ९ अदलाबदल होऊन १६.८९७८५० झाले, तर २५ अंशांना ९९७.०४४९ च्या जागी ९९६.७२९५ मिळते. दोन्ही आकडे ‘पाण्यासारखे’च दिसतात, म्हणून डोळ्याला संशय येत नाही. शून्य अंशाला तर हा सहगुणक शून्याने गुणला जातो आणि उत्तर अगदी बरोबर येते. म्हणजे ज्याने फक्त शून्यावर चाचणी घेतली त्याचे फंक्शन चूक असूनही पास होते. या फंक्शनसाठी २५ अंशांना ९९७.०४४९, ४० ला ९९२.२१५८ आणि १०० ला ९५८.३६३७ या किमती ताडाव्यात.

इथे बारकाईने पाहणाऱ्याला दिसेल की दोन फंक्शनांची उत्तरे जुळत नाहीत. शून्य अंशाला केल यांचे उत्तर ०.००३३ ने कमी आहे, २५ ला ०.००२१ ने कमी, आणि ४० ला उलट ०.०००६ ने जास्त. याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे केल यांची कमाल घनता ९९९.९७२ च्या पायावर उभी आहे, तानाकांची ९९९.९७५ च्या. दुसरे म्हणजे केल यांचे तापमान १९६८ च्या आंतरराष्ट्रीय तापमानश्रेणीत आहे आणि आजचे तापमापक १९९० च्या श्रेणीत अंशांकित केलेले असतात. जुन्या श्रेणीतला आकडा नव्याच्या सुमारे १.०००२४ पट असतो. ४० अंशांना हा फरक एका अंशाच्या शंभराव्या भागाएवढा भरतो. आत येणाऱ्या तापमानाला आधी १.०००२४ ने गुणून मग केल यांचे सूत्र चालवले, तर दोन फंक्शनांतला फरक सगळ्या पट्ट्यात ०.००३ ते ०.००४ च्या दरम्यान स्थिर राहतो. म्हणजे वेडावाकडा दिसणारा फरक नुसता पायाचा फरक होऊन जातो.

दोन्ही फंक्शने एकत्र जोडून ‘४० पर्यंत हे, पुढे ते’ असे करायचा मोह होतो. तसे सरळ जोडले तर सांध्यावर घनता ०.०००६ ने वर उडी घेते, म्हणजे पाणी किंचित तापवल्यावर जड होते असे फंक्शन सांगते. छापील उत्तरात कोणाला ते दिसणार नाही, पण याच फंक्शनवरून उतार काढणारा किंवा उलट शोध घेणारा प्रोग्रॅम त्या पायरीला अडखळतो. जोडायचेच असेल तर तापमानाची श्रेणी बदलून घ्यावी, ४० अंशांच्या तानाकांच्या उत्तराला केल यांच्या उत्तराने भागून येणारे गुणोत्तर प्रोग्रॅमकडूनच काढावे आणि ४० च्या पुढच्या प्रत्येक उत्तराला त्या गुणोत्तराने गुणावे. ते गुणोत्तर १.००००००१ आणि १.००००१ यांच्या मध्ये आले पाहिजे; तसे आले नाही तर कुठला तरी सहगुणक चुकला आहे असे समजावे. जोडकाम टाळून दोन स्वतंत्र फंक्शने ठेवणे आणि वापरणाऱ्याला निवड करायला लावणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

तापमापक आणि अंकांची लांबी

उत्तरात चार दशांश दिसतात म्हणून ते चारही खरे आहेत असे होत नाही. २७ अंशांच्या आसपास एका अंशामागे घनता ०.२७ ने बदलते. डीएस १८बी२० हा स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा तापसंवेदक अर्ध्या अंशापर्यंत चुकू शकतो. म्हणजे घनतेत ०.१४ पर्यंतची अनिश्चितता संवेदकामुळेच येते आणि तिच्यापुढे सूत्राची दशलक्षांश अचूकता शोभेपुरती उरते. फंक्शनच्या आत उत्तर पूर्णांकित करू नये, ते छापतानाच करावे. पण छापताना मात्र तापमापकाची लायकी पाहून अंक ठेवावेत.

याच संवेदकाची एक सवय मर्यादेच्या मुद्द्याला थेट लागू आहे. वीज मिळाल्यावर पहिले मोजमाप पूर्ण होण्याआधीच वाचन घेतले तर तो ८५ अंश सांगतो, आणि तार सुटली असेल तर आर्डुइनो या छोट्या नियंत्रक-बोर्डाची नेहमीची लायब्ररी −१२७ देते. −१२७ ला दोन्ही फंक्शने नकार देतील. ८५ ला पहिले फंक्शन नकार देईल, दुसरे मात्र तत्परतेने ९६८ च्या घरातले उत्तर देऊन मोकळे होईल. फ्लास्क तपासण्याच्या कामाला १०० अंशांपर्यंतचे फंक्शन ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून वापरू नये, ते यासाठी.

आर्डुइनो उनोवर आणखी एक पथ्य आहे. त्यावर ‘डबल’ म्हणून जाहीर केलेली संख्याही चारच बाइटची असते आणि हजाराच्या आसपास अशा दोन शेजारच्या संख्यांत ०.००००६ चे अंतर असते. तेवढे चालून जाते, पण बारीक फरक मोजायचे असतील तर पूर्ण घनता परत देण्याऐवजी तिची ९९९.९७४९५० पासूनची घट, म्हणजे ‘वर ÷ खाली’ गुणिले तो स्थिरांक, परत द्यावी. ही छोटी संख्या चार बाइटांतही पुष्कळ अंकांपर्यंत टिकते. संगणकावर ही काळजी करण्याचे कारण नाही.

दाब आणि विरघळलेली हवा या दुरुस्त्या कधी लागतात ते आकड्यांवरूनच कळते. हवेशी संपर्कात राहिलेल्या पाण्याची घनता २० अंशांना ०.००२५ ने कमी असते. ० ते २५ अंशांसाठी ही दुरुस्ती −०.००४६१२ अधिक ०.०००१०६ गुणिले तापमान अशी आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, तिथे हवेचा दाब प्रमाण दाबापेक्षा साडेसहा हजार पास्कलच्या आसपास कमी असतो आणि त्यामुळे घनतेत ०.००३ ची घट होते. फ्लास्कसाठी दोन्ही सोडून द्याव्यात. त्याऐवजी हवेच्या उत्प्लावनाची, म्हणजे हवा वस्तूला वर रेटते त्याची, दुरुस्ती करावी, कारण ती यांच्या कित्येक पटींनी मोठी आहे आणि तरीही नेमकी तीच विसरली जाते.

फंक्शन आकारमान(वस्तुमान, ता)
    हवा = १.२
    वजने = ८०००
    परत दे वस्तुमान × (१ − हवा ÷ वजने) ÷ (घनता(ता) − हवा) × १०००

इथे वस्तुमान ग्रॅममध्ये द्यायचे, हवा आणि वजने यांच्या घनता किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये आहेत आणि उत्तर मिलिलिटरमध्ये मिळते. ८००० ही तराजू अंशांकित करण्याच्या वजनांची रूढ घनता आहे. २७ अंशांना २४.८८६६ ग्रॅम पाणी भरले तर हे फंक्शन २५.००० मिलिलिटर सांगते. पाण्याचे तापमान २७ पासून दूर असेल तर काचेच्या प्रसरणाची आणखी एक दुरुस्ती येते, पण बोरोसिलिकेट काचेसाठी ती दर अंशामागे लाखात एका भागाच्या घरातली, म्हणजे पाण्याच्या प्रसरणापुढे किरकोळ असते.

उलट दिशेने, म्हणजे घनतेवरून तापमान काढायचे असेल, तर नवे सूत्र शोधू नये. हेच फंक्शन वापरून मधोमध छेदत जाण्याची पद्धत पुरते. मात्र शून्य अंशाला आणि सुमारे ८.१ अंशाला घनता सारखीच, ९९९.८४२८, असते, त्यामुळे शोध ० पासून सुरू केला तर प्रश्नालाच दोन उत्तरे निघतात. खालची सीमा ४ अंश, वरची ४० अंश ठेवावी. मधल्या तापमानाची घनता काढावी. ती दिलेल्या घनतेपेक्षा जास्त असेल तर पाणी अजून गरम हवे, म्हणून खालची सीमा तिथे आणावी, नाहीतर वरची आणावी. १९ वेळा अर्धे केले की ३६ अंशांचा पट्टा एका अंशाच्या दहाहजाराव्या भागाच्या आत येतो. दिलेली घनता ९९२.२१५२ पेक्षा कमी किंवा ९९९.९७४९ पेक्षा जास्त असेल तर हे फंक्शनही सुरुवातीलाच नकार देईल अशी अट त्याच्या पहिल्या ओळीत घालावी, आणि ४ अंशांखालचे पाणी त्याच्या कक्षेत नाही हे टिपेत लिहावे.